तसबिरीची दुसरी प्रत

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. नांदेड जिल्हा मुंबई राज्याकडे गेला. मात्र त्यातील देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही दोन मंडळे आणि मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबीर ही तीन मंडळे त्यातून वगळण्यात आली. भैंसा आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात गेले, २०१४ साली तेलंगणात आले, आणि ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल या नव्या जिल्ह्यात मोडू लागले. साठ वर्षांत एका गावाने दोन जिल्हे सोडले व तीन राज्यांची नावे लावली. अशा गावचा इतिहास कोणी लिहू म्हटले तर त्याला किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतील आणि उर्दू, तेलुगू, मराठी व इंग्रजी यांपैकी किती भाषांतले कागद वाचावे लागतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. सरकारी दप्तर असे विखुरले म्हणजे अभ्यासकाला घराघरांतील भिंतीवरच्या तसबिरींचा व पेटीतल्या फोटोंचा आधार घ्यावा लागतो. लग्नातली जोडपी, मुंजीचे बटू, कापसाच्या गंजीपुढे उभे राहिलेले व्यापारी, बासरच्या सरस्वतीपुढे अक्षरारंभाला बसविलेली मुले, या चित्रांत जो इतिहास आहे तो कोणत्याही गॅझेटियरात सापडावयाचा नाही.

योगायोग असा की, त्याच १९५६ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे आपले पहिले यंत्र जाहीर केले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेले ते कपाटाएवढे धूड होते, आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या फोनने काढलेला एखादा फोटोही त्यात मावेल न मावेल. भैंसा येथील मराठी घरांचे अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांतील सारे फोटो ज्या साधनांवर आहेत, त्या साधनांचा वंश या यंत्रापासून निघतो. हे फोटो राखण्यासाठी त्यांची दुसरी प्रत करून ठेवण्याच्या विद्येला आता सर्वजण बॅकअप म्हणतात. शब्द नवा असला तरी विद्या आमच्याकडे फार जुनी आहे, आणि तिची कथा सांगितल्यावाचून आजच्या अडचणीचे स्वरूप ध्यानात येणार नाही.

मराठी गद्याचा आरंभच मुळी एका हरवलेल्या प्रतीपासून होतो. म्हाइंभटाने तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की, पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नष्ट झाली, आणि हिराइसेसारख्या असामान्य स्मरणशक्तीच्या शिष्यांनी पाठ असलेल्या लीळा सांगून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणूनच आज लीळाचरित्राचे अनेक पाठ आढळतात आणि संशोधक त्यांची तुलना करीत बसतात. एका पोथीची दुसरी प्रत वेळीच दुसऱ्या गावी गेली असती तर हे श्रम वाचले असते. पुढील पिढ्यांतील महानुभावांनी हा धडा पक्का घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या मठांतून सांकेतिक लिपीत नकला होत राहिल्या, आणि विसाव्या शतकात त्या उलगडल्या तेव्हा आमच्या गद्याचा इतिहास मागे गेला.

गोमंतकाकडे पाहावे तर तेथे याहूनही विलक्षण प्रकार घडला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. नंतर १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मुद्रण म्हणजे एकाच वेळी शेकडो प्रती. तेव्हा असा ग्रंथ अमर व्हावयास हवा होता. पण त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांनी, भाविकांनी घरोघर उतरून घेतलेल्या नकलांनी. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास त्याची आवृत्ती निघाली, आणि देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित तर लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात मिळाले. कोंकणीतील रामायण-महाभारताच्या जुन्या गद्यकथा पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रोमी लिपीत सापडल्या, त्याही अशाच. ज्यांनी त्या परमुलखात नेल्या त्यांचा हेतू आमच्या भाषेची सेवा करण्याचा होता असे नाही. पण ज्या काळात गोव्यात देशी भाषांतील पोथ्या जाळल्या जात होत्या, त्या काळात समुद्रापार गेलेली प्रत तेवढी राहिली. दूरच्या गावी ठेवलेल्या प्रतीचे मोल यापेक्षा स्पष्ट कोणत्या उदाहरणाने दाखवावे?

आता छायाचित्राकडे वळू. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरचा शोध जाहीर झाला तेव्हा त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे आणि ते एकुलते एक असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडमधील टॅलबटने कागदावर उलटी प्रतिमा घेऊन तिच्यापासून हव्या तितक्या सुलट प्रतिमा काढण्याची युक्ती काढली आणि १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढील दीडशे वर्षे छायाचित्रण टॅलबटच्या वाटेने गेले. निगेटिव्ह म्हणजे मूळ पोथी आणि प्रिंट म्हणजे नक्कल, असा हा संसार होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही उघडला, आणि त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामणी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तयार झाले.

निजामाच्या मुलखात ही कला लाला दीनदयाळ यांच्यामुळे वैभवास चढली. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेल्या आणि रुडकीस शिकलेल्या या गृहस्थांनी इंदुरास नाव मिळविले, नंतर सिकंदराबादेस स्टुडिओ थाटला, आणि सहाव्या निजामाने त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. काचेच्या तावदानांवर त्यांनी दरबार, शिकारी, वेरूळची लेणी आणि दुष्काळाने खंगलेली माणसे टिपली. १९०५ साली ते वारले, पुढे स्टुडिओचे वैभव ओसरले. तरी त्यांच्या २,८५७ काचा टिकल्या व १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्या घेतल्या. काच जड असते, फुटते, तिला जागा फार लागते. पण तिला वाचण्यासाठी उन्हाची तिरीप आणि माणसाचे डोळे एवढे पुरतात. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

काचेची जागा फिल्मने घेतली तेव्हा सोय वाढली आणि धोकाही वाढला. पूर्वीची नायट्रेट फिल्म कमालीची ज्वालाग्राही. शिवाय बंद डब्यात ती आपोआप कुजे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याच्या चार रिळांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले आणि शेवटचे एवढीच दोन राहिली, आणि तीही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक म्हणतात. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे मूकपटांचे युग संपून तीस वर्षे लोटल्यावर. बरे, संग्रहालय झाले म्हणून प्राण वाचले असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मांच्या कोठारास आग लागली आणि तेथील ठेवा भस्म झाला. ज्या चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती आधी काढून झाल्या होत्या ते राहिले. संग्रह करणे आणि प्रत करणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. पहिले केले म्हणजे दुसरे आपोआप साधते, हा समज आमच्यात फार खोल रुजला आहे.

येथून पुढची हकीकत अंकांची. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा जुळविला. त्यातील चित्र गाण्यांच्या साध्या कॅसेटवर उतरत असे आणि एका चित्रास तेवीस सेकंद लागत. म्हणजे अंकांच्या छायाचित्राला जन्मतःच प्रश्न पडला तो हा की, याला ठेवावयाचे कोठे? १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी विकावयास आली ती संगीतासाठी. पण बारा सेंटिमीटरच्या त्या चकाकत्या तबकडीत साडेसहाशे-सातशे मेगाबाइट मावतात हे पाहून छायाचित्रांनाही तेथे घर मिळाले. १९९२ साली कोडॅकने 'फोटो सीडी' काढली. एका तबकडीत सुमारे शंभर चित्रे बसत. घरच्या संगणकावर लिहिता येईल अशी कोरी सीडी पुढे स्वस्त झाली, मागून ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी आली, आणि २००६ साली २५ गिगाबाइटची ब्ल्यू-रे.

आमच्या सीमाभागातील लग्नघरांनी हा बदल फार झपाट्याने स्वीकारला. व्हिडिओ कॅसेटच्या जागी व्हीसीडी आली. फोटोवाला अल्बमाबरोबर एक-दोन सीड्या प्लास्टिकच्या डबीत घालून देऊ लागला, आणि निगेटिव्हची पाकिटे घरात येणे बंद झाले. कोऱ्या तबकड्यांवर मोझर बेअर हे नाव तेव्हा घरोघरी दिसे. दिल्लीत १९८३ साली निघालेली ही कंपनी जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाई. चित्रपटांच्या तबकड्याही तिने अत्यंत स्वस्त दरात विकल्या. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघून विसर्जनाचा हुकूम झाला. खुद्द कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने लिहिण्याजोग्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. तबकडीचे राज्य असे एका पिढीत आले आणि ओसरले.

या तबकडीच्या देहाची रचना समजून घेतल्याशिवाय तिचे आयुष्य समजत नाही. छापून आलेल्या गाण्याच्या सीडीत खाचा ठशाने उठविलेल्या असतात. घरी लिहिलेल्या सीडीत तसे नसते. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो, लेझरच्या उष्णतेने त्यावर डाग पडतात आणि ते डाग म्हणजेच आपला फोटो. रंग आला म्हणजे तो विटणेही आले. ऊन, उकाडा आणि दमट हवा हे त्याचे तीन वैरी. भैंसा येथे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटात बुरशी चढते, तेव्हा आमच्या दोन्ही वाचकवर्गांना वैऱ्यांचा वाटा न्यायाने मिळालेला आहे! त्यातही सीडीचा चकाकता थर खालच्या बाजूस असतो असे लोक समजतात आणि तीच बाजू जपतात. वस्तुतः तो नाव लिहावयाच्या बाजूस, पातळ लाखेच्या लेपाखाली असतो. बॉलपेनने दाबून 'बारसे' असे लिहिले की बारशाचे दोन-चार फोटो त्या टोकाखाली चिरडले जाण्याचा संभव असतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने ही भीती कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली तबकड्यांच्या निगेवर एक पुस्तिका काढली होती. तीत तबकडी कडेने धरावी, उभी ठेवावी, वर चिकटपट्टी लावू नये आणि मऊ टोकाच्या पेनने लिहावे, अशा साध्या गोष्टी सांगितल्या आहेत.

परंतु तबकडीचा खरा दोष म्हणजे ती आपला आजार कळू देत नाही. सीडीवर माहिती लिहिताना तिच्यासोबत जादा अंक अशा हिशेबाने पेरलेले असतात की, काही अंक वाचता आले नाहीत तरी उरलेल्यांवरून ते काढता यावेत. ही गणिती योजना फार सुंदर आहे. ओरखडा पडूनही गाणे अडत नाही ते तिच्यामुळे. पण वाळवीने तुळई आतून पोखरावी आणि वरचा रंग तसाच राहावा, तसे येथे होते. झीज चालू असते आणि चित्रे स्वच्छ दिसत राहतात. एके दिवशी दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की तबकडी वाचणेच बंद होते. जुना कागदी फोटो पिवळा पडत जातो आणि त्या पिवळेपणाने घरच्यांना वेळीच सावध करतो. उत्पादक शंभर वर्षांचे दावे करीत. पुढे दगडासारख्या निरिंद्रिय थराची 'एम-डिस्क' निघाली, तिने तर हजार वर्षांचे वचन दिले. हजार वर्षांनी तक्रार घेऊन जावयाचे कोणाकडे, हा प्रश्न ग्राहकाने विचारला नसावा.

आणि समजा तबकडी टिकली, तरी ती वाचणारे यंत्र कोठे आहे? येथे दीनदयाळांच्या काचेची आठवण होते. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाने मुलखाची मोजणी करून 'डूम्सडे' नावाचे दप्तर चर्मपत्रावर लिहविले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने लक्षावधी लोकांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या साहाय्याने देशाचे नवे दप्तर केले आणि ते लेझर तबकड्यांवर भरले. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांना २००२ साली ती माहिती सोडविण्यासाठी खास खटपट करावी लागली. नऊशे वर्षांचे चर्मपत्र मात्र दिवाणखान्यातल्या दिव्याखाली वाचता येत होते. आज नवे संगणक तबकडीची खाच न ठेवताच विकले जातात. म्हणजे २००५ सालच्या लग्नाची सीडी असलेले घर त्याच वाटेवर आहे.

तबकडीनंतरच्या साधनांविषयी थोडक्यात सांगू. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने कोंडलेली असते. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिले तर तो भार हळूहळू झिरपून जातो. हार्ड डिस्कचे भाग फिरते, पडल्यास धोका. फोनवरच्या सोयीस्कर मार्गाने पाठविलेला फोटो वाटेतच बारीक होऊन पोचतो; त्याला प्रत म्हणणे म्हणजे पोथीच्या अनुक्रमणिकेला पोथी म्हणणे होय. राहिले परक्या कंपनीच्या कोठारात, ज्याला लोक क्लाउड म्हणतात त्यात, ठेवणे. ते सोयीचे आहे आणि आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. पण गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा बंद केली, आणि २०२३ पासून दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण स्वीकारले, हे ध्यानात असू द्यावे. घरातील वडील माणूस वारले आणि त्यांचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला, तर पुढे काय होईल, याचा विचार किती घरांनी केला आहे?

व्यवसायी छायाचित्रकारांत पीटर क्रोग यांच्या नावाने एक नियम रूढ आहे. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, दोन निराळ्या जातींच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्या मते यातील शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. २०२१ च्या जुलैत गड्डेन्ना वागूचे पाणी भैंसा येथील सखल वस्तीत शिरले. अशा वेळी अल्बम, संगणक, हार्ड डिस्क आणि सीडीची डबी जर एकाच लाकडी कपाटात असतील, तर तीन प्रती असून एकच प्रत असल्यासारखे होते. गंमत अशी की, ओल्या सीडीला स्वच्छ पाण्याने धुऊन वाळविले तर ती बहुधा वाचता येते. अल्बमातील फोटो मात्र एकमेकांस चिकटतात आणि संगणक तर कामातूनच जातो.

दुसरे ठिकाण शोधण्यास भैंसा येथील मराठी माणसाला लंडन वा ब्रागा गाठण्याचे कारण नाही. सीमा झाली तरी सोयरीक थांबली नाही. लेकी नांदेड, धर्माबाद, किनवट, भोकर येथे दिलेल्या आहेत आणि सुना तिकडून आलेल्या आहेत. लग्नाच्या फोटोंची एक प्रत मुलीच्या सासरी जात असे, ही जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध होती. माहेरचे घर पडले, पेटीला वाळवी लागली, तरी आजी-आजोबांची तसबीर काही कोसांवर दुसऱ्या राज्यात भिंतीवर सुखरूप असे. अंकांच्या फोटोंसाठी हीच रीत चालू ठेवण्यास एक हार्ड डिस्क व दोन दिवस पुरतात. घरातील सर्व सीड्या-डीव्हीड्या एकत्र कराव्यात. तबकडीची खाच असलेला जुना संगणक अजून एखाद्या स्टुडिओत किंवा शेजारी मिळतो, तो मागून आणावा. जी तबकडी पहिल्या यंत्रात वाचली जात नाही ती टाकून न देता दुसऱ्या यंत्रात घालून पाहावी, कारण एकाला न दिसणारे डाग दुसऱ्याला पुष्कळदा दिसतात. उतरवून झाल्यावर दहा-वीस फोटो उघडून पाहावेत. मग एक प्रत घरी, एक लेकीकडे, आणि दर चार-पाच वर्षांनी दोन्ही नव्या साधनावर.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राने होणार नाही. कागदी फोटोच्या पाठीवर शाईने नावे लिहिलेली असत. सीडीतील फोटोंना यंत्राने दिलेले चार अंकी क्रमांक तेवढे असतात. २००३ सालच्या मंडपात तिसऱ्या रांगेत बसलेले फेटेवाले गृहस्थ कोण, मुधोळचे की मुदखेडचे, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. येत्या दिवाळीत लेकी माहेरी आल्या म्हणजे फोटो पडद्यावर मोठे करून त्यांच्यापुढे ठेवावेत आणि कोणी तरी वही घेऊन बाजूस बसावे. वहीच्याही दोन नकला कराव्यात.